कट्टी वजा जाता सत्तर किलो

ज्या वर्षी प्रेमराज भाऊंच्या लेकीचं, भूमिकाचं, लग्न झालं आणि वरातीत जनरेटर बंद पडल्यामुळे नवरदेवाला ट्रॅक्टरच्या दिव्याच्या उजेडात मांडवापर्यंत आणावं लागलं, त्याच वर्षी धामणझिरा गाव जगाच्या काट्यावर चढलं.

धामणझिरा तापीच्या काठी, जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर आहे. गाव एका जिल्ह्यात, नदीचा पलीकडचा काठ दुसऱ्यात. खाली बॅरेज झाल्यापासून नदीत बारा महिने पाणी थांबून असतं आणि हे पाणी कोणत्या जिल्ह्याचं, यावर दोन्हीकडच्या कचेऱ्यांत पत्रव्यवहार चालू असतो. त्या पाण्यात प्रेमराज भाऊंचा तेजस आणि हाशम मिस्त्रीचा हसीब नाव वल्हवायला शिकले. हाशम मिस्त्री बैलगाड्या करायचा. बैलगाड्या गेल्यावर तो दारं-खिडक्या करू लागला. पोरांनी हट्ट धरला तेव्हा त्यानं मोबाईलवर चित्र बघून सागवानाची एक लांबुडकी होडी आणि चार वल्ही करून दिली. होडी पहिल्या दिवशी बुडाली, दुसऱ्या दिवशी अर्धी बुडाली आणि तिसऱ्या दिवसापासून चालू लागली.

पुढं पोरं मोठ्या शिबिरात गेली, खऱ्या होड्या मिळाल्या, बक्षिसं आली आणि एक दिवस बातमी आली की पुरुषांच्या हलक्या वजनाच्या दुहेरी नौकानयनात, म्हणजे दोन माणसं, चार वल्ही, एक होडी, आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेसाठी दोघांची निवड झाली आहे.

या खेळाचं इंग्रजी नाव 'डबल स्कल्स'. यातलं स्कल म्हणजे वल्हं, पण कवटीचा इंग्रजी शब्दही ऐकायला तोच. तालुक्याच्या कचेरीत भाषांतराचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांनी ते इमानानं केलं. अभिनंदनाच्या ठरावात आलं, 'पुरुष, हलक्या वजनाच्या दोन कवट्या.' ठरावावरून बॅनर झालं. बॅनर करणाऱ्याला 'कवटी' शब्द अशुभ वाटला म्हणून त्यानं सुधारणा केली. बसथांब्यावर दहा फुटी अक्षरांत झळकलं, 'हलक्या डोक्याच्या आमच्या वीरांना हार्दिक शुभेच्छा.' खाली एकवीस पुढाऱ्यांचे फोटो होते. वीरांचे फोटो जागेअभावी आले नाहीत, त्यामुळे हलकं डोकं नक्की कोणाचं, हे वाचणाऱ्यावर सोडलेलं होतं.

प्रेमराज भाऊंनी मात्र तो बॅनर रोज जाता-येता वाचला. भाऊंची गावात जिनिंग होती. पंचक्रोशीतला कापूस त्यांच्याच आवारात उतरायचा. नौकानयन मंडळाचे अध्यक्षही तेच होते, कारण गावात कोणतंही मंडळ निघालं की त्याला अध्यक्ष म्हणून भाऊच लागायचे. पोराचा खेळ त्यांना समजत नव्हता, पण पोराचं वेड समजत होतं. तेजस सातवीत असताना एकदा तापानं फणफणलेला पाण्यावर गेला होता. भाऊ त्याला मारायला काठावर गेले आणि तो परत येईपर्यंत नुसते बघत उभे राहिले. त्या दिवसापासून त्यांच्या मनात एकच होतं. या पोराला एकदा मोठ्या पाण्यावर पहिलं आलेलं बघायचं. बाकी काही देवाकडे मागितलं नाही, असं ते सांगत. जिनिंगच्या बाबतीत मागावं लागत नसे, तिथं काटा होता.

भाऊंचे वडील झिपरू आबा नव्वदीला आलेले. ओट्यावर बसून असत. एकदा त्यांना गाडीत घालून पाण्यावर नेलं. आबांनी डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिलं.

"जिकडे जानं शे तिकडे पाठ करीसन बसेल शेतस का रे ह्या?"

"हो आबा, असंच बसतात. मागं बघत पुढं जायचं," तेजस म्हणाला.

"मंग यान्ह्यात नवं काय शे? तुना बाप वीस वरीस असाच चालस."

भाऊ हसले. आबांच्या बोलण्याला हसायचं आणि सोडून द्यायचं, अशी घरची रीत होती.

या खेळात होडीइतकंच वजन महत्त्वाचं असतं. दोघांच्या वजनाची सरासरी सत्तर किलोच्या वर जाता कामा नये आणि एकट्यानं कुणी साडेबहात्तर ओलांडायचे नाहीत. शर्यतीच्या आधी काट्यावर उभं करतात. जास्त भरलात तर होडीला हात लावू देत नाहीत. पण फार हलकं होऊनही चालत नाही. अंगात ताकद उरली नाही तर वल्हं पाण्यातून येत नाही. म्हणून सत्तरला टेकून राहायचं. एका बाजूला काटा आणि दुसऱ्या बाजूला भूक, मधे पोरगं.

शिबिर संपवून दोघं भूमिकाच्या लग्नाला घरी आले तेव्हा दोघंही बरोबर सत्तर होते. व्हिसाचे कागद कुठं तरी अडकले होते, म्हणून कोच सर होडी घेऊन पुढं गेले आणि पोरं घरी राहिली. सरांनी फोनवर बजावलं, "रोज वजन करायचं. काट्याचा फोटो पाठवायचा. आणि काटा चांगला बघा, घरगुती नको."

तेजसनं शिबिरातून एक छोटा काचेचा वजनकाटा आणला होता, न्हाणीघरात ठेवतात तसला. भाऊंनी तो पायानं बाजूला सारला.

"असल्या खेळण्यावर देशाचं वजन करायचं का? आपल्याकडं सरकारी शिक्क्याचा काटा आहे. दर वर्षी साहेब येतात, शिसं ओतून ठसा मारून जातात. चल जिनिंगवर."

जिनिंगच्या काट्याबद्दल इथं थोडं सांगायला पाहिजे. तो काटा शंभराला चार किलो खात असे. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. भाऊंनाही माहीत होतं, जसं आपण एक दिवस मरणार हे आपल्याला माहीत असतं तसं. रोजच्या धंद्यात ते आठवत नाही. कापसात माप कमी धरायला कट्टी म्हणतात आणि कट्टी हा शब्द इतका जुना आणि घरगुती आहे की त्यात कुणाला चोरी दिसत नाही. काट्याशेजारी निंबा मापाडी बसायचा. त्याच्या सदऱ्याच्या खिशात एक छोटा रिमोट असे. कापूस आला की काटा खात बसायचा. शिक्केवाले साहेब फाटकाशी दिसले की निंबाचा हात आपोआप खिशात जायचा आणि काटा शुद्धीवर यायचा. वीस वर्षांत निंबाला हे सांगावं लागलं नव्हतं. देवळापाशी आलं की आपण चपला काढतो, तितकंच ते सवयीचं.

तेजस काट्यावर चढला. आकडा आला, सदुसष्ट आणि थोडं. हसीब चढला. तेवढंच.

निंबानं आकडा पाहिला आणि खिशातल्या रिमोटला बोट लावलं. मग विचार केला. मालकाच्या पोराला हलकंच तर व्हायचं आहे. काटा आपण होऊन हलकं दाखवतोय, तर मधे पडणारे आपण कोण? त्यानं बोट काढून घेतलं आणि पुढं कधी विषय निघाला तर सांगता यावं म्हणून मनात नोंद केली की हे आपण उपकार म्हणून केलं.

हाशम मिस्त्री सोबत आला होता. आकडा बघून तो जरा थबकला.

"भाऊ, काल तर पोरं भरलेली दिसत होती."

"प्रवासात उतरली असतील."

"तसं असंल. पण हा काटा..."

"काय हा काटा?"

"काही नाही. शिक्का छान मारलाय, म्हटलं." हाशमच्या भावाचा कापूस याच आवारात यायचा.

फोटो गेला. फोटोत आकडाही होता आणि शिशाचा ठसाही. दहा मिनिटांत कोच सरांचा फोन. "अरे, तीन किलो उतरलात? वल्हं कोण ओढणार, मी? खा! सत्तरवर या. लग्नघरात आहात ना? मग खा!"

तेजसनं रात्री काचेच्या काट्यावर उभं राहून पाहिलं. सत्तर. त्यानं बापाला हाक मारली.

"पप्पा, हा तर सत्तर दाखवतोय."

"त्याच्यावर शिक्का आहे का?"

"नाही."

"जिनिंगच्या काट्यावर आहे?"

"आहे."

"मग जेव."

अशा प्रकारे शासनाच्या शिक्क्याच्या आदेशावरून दोन खेळाडू जेवायला बसले. लग्नाचा आठवडा होता. आदल्या दिवशी वरण-बट्टी, बट्टीवर तूप इतकं की बोट बुडावं. लग्नाच्या दिवशी भरीत-पुरी आणि जिलेबी. तेजसची आई सुलक्षणा महिनोन्‌महिने पोराच्या ताटाकडे बघून रडलेली, तिला प्रथमच मोकळा हात मिळाला. तिनं खापरावर पोळ्या केल्या, पुरणाच्या, ताटापेक्षा मोठ्या. हसीबच्या घरी अमिनाबीनं खिमा केला आणि दोन्ही पोरांना समोर बसवून वाढला. रोज सकाळी पोरं जिनिंगवर जायची, आकडा वर सरकायचा आणि सरांचा निरोप यायचा, शाब्बास. निघायच्या दिवशी काट्यानं दोघांनाही बरोबर सत्तर दाखवले. त्या दिवशी काचेच्या काट्यावर कुणी चढलं नाही. सुलक्षणानं तो धान्याच्या कोठीमागं टाकून दिला होता.

व्हिसा शेवटच्या घटकेला आला. भाऊ 'सहायक व्यवस्थापक' म्हणून सोबत गेले. परदेशातल्या त्या शहरात ते संध्याकाळी पोहोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शर्यत होती. कोच सरांनी पोरांचे गाल बघितले, मग मोबाईलमधला शिक्क्याचा फोटो बघितला आणि गालांपेक्षा शिक्क्यावर विश्वास ठेवला. शिकलेला माणूस दुसरं काय करणार?

सकाळी तळ्याकाठच्या खोलीत वजन होतं. एक गोरी बाई पंच म्हणून बसलेली, समोर काटा. तेजस चढला. बहात्तर पूर्णांक नऊ. हसीब चढला. त्र्याहत्तर.

 कोच सरांनी काट्याकडे पाहिलं, मग पोरांकडे, मग बराच वेळ भाऊंकडे.

अजून तासभर मुदत होती. पोरांनी अंगावर तीन-तीन जाकिटं चढवली आणि तळ्याभोवती धावत सुटली. धावली, थुंकली, पुन्हा धावली. केसांचंही वजन असतं म्हणून सरांनी खिशातून यंत्र काढून दोघांची डोकी तासली. तालुक्याच्या कचेरीनं केलेलं भाषांतर त्या क्षणी अक्षरशः खरं ठरलं. काट्यासमोर दोन कवट्या उभ्या राहिल्या. तरीही सरासरी सत्तरच्या वरच.

भाऊ पुढं झाले. आयुष्यभर वजनाच्या वादात ते काट्याच्या पलीकडच्या बाजूला बसलेले होते. आज ते प्रथमच अलीकडे उभे होते आणि हात आपोआप जोडले गेले होते.

"हसीब, हिला सांग, दोन-दोन किलो कट्टी धर म्हणावं. रीत असती."

"भाऊ, कट्टीला इंग्रजीत काय म्हणतात?"

"वजा करायचं म्हणावं. थोडं सोडून द्यायचं."

हसीबनं जमेल तसं सांगितलं. बाईनं शांतपणे विचारलं, कशाबद्दल वजा करायचं?

"ओलाव्याबद्दल," भाऊ म्हणाले. तोंडाला तोच शब्द आला. वीस वर्षं त्यांनी दुसरं कारण सांगितलंच नव्हतं.

हसीबनं भाषांतर केलं. बाईनं पोरांकडे काळजीनं पाहिलं, उठली आणि कपाटातून दोन स्वच्छ पंचे काढून दिले. घाम पुसा, मग परत वजन करू, म्हणाली.

पोरांनी अंग पुसलं. आकडा तिथंच राहिला. पंचा हातात धरून हसीब हसला, पण डोळे भरलेले होते. "भाऊ, आपल्याकडच्या कापसासारखं आमच्यावर कुणी पाणी मारलेलं नाही हो. आम्ही कोरडेच आहोत."

शर्यत झाली. पाण्यावर आखलेल्या पट्ट्यांपैकी या पोरांचा पट्टा रिकामा होता. भाऊ काठावर उभे राहून त्या रिकाम्या पट्ट्याकडे बघत राहिले. जो पहिला आला त्या जोडीला या पोरांनी वर्षापूर्वी दोनदा हरवलं होतं. तेजस त्यांच्याशेजारी उभा होता.   घरी आल्यावर त्यानं कोठीमागून काचेचा काटा काढला, त्यावर उभा राहिला, खाली बघितलं आणि मग बापाकडे बघितलं. भाऊंनी नजर छताकडे नेली.

जिंकून आले असते तर दोन्ही जिल्ह्यांनी मिरवणूक काढली असती. हरून आल्यावर धुळ्याकडच्यांनी कळवलं की खेळाडू जळगावचे आहेत आणि जळगावकडच्यांनी कळवलं की सराव धुळ्याच्या पाण्यात झाला. लग्नातला एक व्हिडिओ गावोगाव फिरला. त्यात तेजस जिलेबी खात होता. 'देशापेक्षा जिलेबी मोठी' असं खाली लिहिलेलं. ज्यानं लिहिलं तो त्याच पंगतीत बसून तिसऱ्यांदा जिलेबी मागत होता, ते व्हिडिओत मागं दिसतं.

नौकानयन संघटनेनं चौकशी लावली. प्रश्न सरळ होता. फोटोत सत्तर आणि तिथं त्र्याहत्तर. म्हणजे एक तर पोरांनी फोटोत लबाडी केली, किंवा काटा खोटा. पोरांची लबाडी ठरली तर चार वर्षं बंदी, म्हणजे खेळ संपला. काटा खोटा ठरला तर पोरं निर्दोष, पुढच्या वर्षी पुन्हा पाण्यावर.

एका वाक्यानं पोरगा सुटणार होता. 'माझा काटा शंभराला चार खातो.' भाऊंनी ते वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं. 'माझा काटा' इथपर्यंत आवाज चांगला लागायचा.

सुलक्षणा मागं येऊन उभी राहिली. "अहो, म्हणून टाका ना. लेकरापेक्षा काटा मोठा आहे का?"

"सोपं आहे का ते? वीस वर्षांचा कापूस बाहेर येईल."

"येऊ द्या. कापूसच आहे. साप नाही."

आश्विनात, कापसाची पहिली वेचणी आवारात येत असताना, चौकशी साहेब जिनिंगवर आले. सोबत वजनमापाचे शिक्केवाले साहेब. गाव लोटलं. गाड्या, टेम्पो, कापसाच्या गाठोड्यांवर बसलेले शेतकरी. झिपरू आबांनाही खुर्चीत बसवून आणलं होतं. शेतकऱ्यांच्या पुढं लोटन नाना. नानांची लाकडाची वखार होती आणि पंधरा एकर कापूस. काट्याविरुद्ध पारावर सगळ्यात मोठ्यानं बोलणारे तेच.

चौकशी साहेबांनी विचारलं, "प्रेमराज भाऊ, तुमचा काटा बरोबर आहे का?"

भाऊंनी तेजसकडे पाहिलं. पोरगा वाळून काडी झाला होता, चौकशी लागल्यापासून जेवत नव्हता. 

"साहेब," भाऊ म्हणाले, "माझा काटा..."

गर्दी पुढं सरकली. लोटन नानांच्या डोळ्यांत वीस वर्षांची वसुली चमकली.

तेवढ्यात शिक्केवाले साहेब सहज बोलले. "काटा खोटा निघाला तर हा सील करून नवा बसवू. खरा, संगणकाचा. आणि नियमाप्रमाणे त्याच्यासोबत ओलावा मोजायचं यंत्रही येईल. प्रत्येक गाठोड्यात सळई घालून बघायची, पाणी किती आहे ते."

 गाठोड्यांवर बसलेली माणसं गाठोड्यांवरून हळूच उतरली. बसलेल्या जागी धोतरं ओली होती.

हेही इथं सांगायला पाहिजे. काटा शंभराला चार खायचा, कारण कापसाला शंभराला चार पाणी मारलेलं असायचं. आधी पाणी आलं की आधी कट्टी आली, हे गावात कुणालाच आठवत नव्हतं. एकानं पाणी वाढवलं की दुसरा कट्टी वाढवायचा, आणि दोघंही एकमेकांना चोर म्हणत सुखानं राहत होते. हिशेब जुळत होता. वीस वर्षांत त्या काट्यावर चढलेल्या कोरड्या वस्तू दोनच, तेजस आणि हसीब. म्हणून फसले तेवढेच दोघं.

लोटन नाना पुढं झाले. "साहेब, काटा बराबर शे."

"नक्की?"

"बराबर शे! इचारा बठ्ठास्ले." नानांनी सगळ्या गर्दीवरून हात फिरवला.

"बराबर शे!" गर्दी ओरडली. सगळ्यात मागं उभ्या असलेल्या हाशमच्या भावाचा आवाजही त्यात होता. हाशमनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवले. त्याची गाडी फाटकात उभी होती आणि गाडीखाली थेंब थेंब ठिबकत होतं.

शिक्केवाल्या साहेबांनी तरी नियमाप्रमाणे आपली पितळी वजनं काट्यावर ठेवली. निंबाचा हात केव्हाच खिशात जाऊन आला होता. काटा रतीभर चुकला नाही. मग चौकशी साहेबांनी पोरांना काट्यावर चढायला सांगितलं. दोघंही सहासष्ट. उपाशी राहून राहून वजन खरंच उतरलं होतं.

"म्हणजे मनात आणलं तर वजन कमी करता येतं," साहेब म्हणाले आणि तसं लिहून घेतलं.

तेजस काट्यावरून उतरला. "पप्पा, तुम्ही काही तरी सांगत होता. माझा काटा, म्हणालात."

सगळं गाव भाऊंकडे बघत होतं. प्रत्येकाच्या डोळ्यांत विनवणी होती. आपल्याकडे लोक इतक्या प्रेमानं कधी बघतील, असं भाऊंना निवडणुकीतही वाटलं नव्हतं.

"माझा काटा," भाऊ म्हणाले, "बरोबर आहे."

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत झिपरू आबांनी काठी आपटली.

"काटा पेमराजना नही, बठ्ठास्ना शे. पन पोऱ्यास्ले का बरं मारतस रे?"

आबांच्या बोलण्याला हसायचं आणि सोडून द्यायचं, ही रीत गावानंही पाळली.

बंदीचा कागद आला. हसीब बापाच्या हाताखाली दारं करू लागला. तेजस रोज पाण्यावर जायचा, होडी न काढता काठावर बसायचा. बापाशी बोलणं बंद होतं. आणि कार्तिकात झिपरू आबा गेले.

आबांसाठी लाकडं लोटन नानांच्या वखारीतून आली. नानांचा काटा माल घ्यायचा नव्हता, विकायचा होता, त्यामुळे तो भाऊंच्या काट्याच्या उलट दिशेनं खोटा होता. मागवली त्यापेक्षा लाकडं कमी आली. आली ती ओली होती, कारण लाकूडही वजनावर जातं आणि नानांच्या वखारीत नळ आहे. नदीकाठी चिता रचली. भाऊंनी अग्नी दिला. धूर झाला. तूप ओतलं, धूर वाढला. कुणी तरी जिनिंगवरून कापसाचं गाठोडं आणलं. ताजा माल होता. तोही नुसता सुसू करत बसला. भाऊ तासभर धुरात उभे होते. बापाचे पाय तसेच दिसत होते. जमलेल्या प्रत्येकाला कारण माहीत होतं आणि प्रत्येक जण हवेला दोष देत होता.

तेजस आणि हसीब उठले. हाशमच्या छपरात जुनी सागवानी होडी उलटी टांगलेली होती, तिच्याखाली चार वल्ही. ती चारही वल्ही खांद्यावर घेऊन ते आले. गर्दी बाजूला झाली. दोघांनी दोन बाजूंनी दोन-दोन वल्ही लाकडांत खोचली, पाण्यात खोचतात तशीच. वल्ही पेटली. मग बाकीचं पेटलं.

"कोरडं लाकूड," हाशम कुणाला उद्देशून नाही असं म्हणाला.

चितेवरून परतताना मागं वळून बघायचं नसतं. सगळे खाली मान घालून चालले. तेजस तेवढा मागं बघत चालला. त्याला तीच सवय होती. भाऊ त्याच्या मागून येत होते, त्यामुळे त्यानं मागं बघितलं तेव्हा त्याला बाप दिसला. बाप रडत होता. बऱ्याच दिवसांनी तेजस बोलला. "चला पप्पा. सांभाळून. इथं दगड आहे."

तेरावं झाल्यावर भाऊंनी निंबाकडून रिमोट मागून घेतला आणि तापीत फेकला. काटा कायमचा शुद्धीवर आला. भाऊंनी फाटकावर पाटी लावली, 'इथं बरोबर वजन मिळेल. कापूस कोरडा आणावा.'

त्या दिवशी आवारात एकही गाडी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गाड्या पूल ओलांडून पलीकडच्या जिल्ह्यातल्या जिनिंगवर जायला लागल्या. तिथला काटा शंभराला पाच खातो, पण ओळखीचा होता. आठवड्यानं लोटन नाना भेटायला आले, खुर्चीत बसले, आवाज उतरवून म्हणाले, "भाऊ, आबा गयात, दुःख शे, समजस. पन तुमना काटाले काय व्हयनं? गाव काळजीमा शे."

निंबानं दुसरा रिमोट आणला. पहिल्यासोबत एक फुकट मिळाला होता. भाऊंनी तो घेतला नाही आणि नकोही म्हटलं नाही. टेबलावर ठेव, म्हणाले. दुपारी तो टेबलावर नव्हता. संध्याकाळी आवारात नऊ गाड्या होत्या.

आता तुम्ही हसलात. हसा. पण घरच्या काट्यावर आकडा नको तो आला की उतरून, काटा जरा सरकवून, परत चढता ना? आणि तुमच्या गाठोड्यात काय आहे ते मी विचारत नाही. एवढंच सांगतो, आपल्याकडच्या कुठल्याही काट्यावर चढायचं असेल तर कोरडे चढू नका.

झिपरू राजाराम पाटील, मुक्काम धामणझिरा, भूमिकाच्या लग्नाच्या वर्षी, कार्तिक वद्य पंचमीला वारले.